गावाची पांढरी

वऱ्हाडात जमिनीला दोनच रंग, काळी आणि पांढरी. काळीत पेरायचं, पांढरीवर राहायचं. गाव जिथे वसतं ती पांढरी, मग तिथली माती तांबडी असो की मुरमाड. गाव उठून दुसरीकडे गेलं, घरं पडून सपाट झाली, तरी त्या जागेचं नाव पांढरीच राहतं. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण आणि भिंतींची माती तिथे मुरलेली असते, आणि शेतकरी ती गाड्या भरभरून नेऊन वावरात पसरतात. माणसं राहून गेलेली माती खताला चांगली, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

मेहकरच्या डोंगरपट्टीतल्या उमरदरीने मात्र हे नाव भलत्याच जागेला देऊन ठेवलं होतं. गावाच्या पूर्वेला चुनखडीच्या बुटक्या टेकड्या होत्या. एकीमागे एक, लोळणाऱ्या म्हशींच्या पाठी दिसाव्यात तशा. झाड औषधालाही नाही. वर वीतभर पांढरट माती, तिच्यावर कुसळी आणि पवन्या गवत, आणि पावसाने जिथे धुतलं तिथे दातासारखा पांढरा दगड. तिथे कधी गाव वसलं नव्हतं. आधीच्या माणसांनी रंग पाहिला आणि म्हटलं पांढरी, झालं. गावाला नावं ठेवायला सगळ्यांना येतं, जागेला धड नाव ठेवायला कोणाला येत नाही.

एकदा तितरांच्या शिकारीला एक गोरा साहेब त्या टेकड्यांवर आला होता. त्याच्या चपराशाने नंतर चावडीवर सांगितलं, की साहेबाच्या मुलखातही हुबेहूब अशा टेकड्या आहेत, त्यांवर मेंढ्या चरतात आणि त्यांना 'डाऊन' म्हणतात. डाऊन म्हणजे खाली. "चढाव लागते वर अन् नाव खाली?" असं म्हणून चावडी पोट धरून हसली. आपण राहत नाही त्या जागेला पांढरी म्हणतो, हे मात्र हसताना कोणाच्या ध्यानात आलं नाही.

हसणाऱ्यांत कडूबा होता. कडूबा गावचा गायकी. सकाळी गावाबाहेरच्या आखरावर घरोघरची गुरं जमा व्हायची, ती हाकत तो पांढरीवर न्यायचा आणि दिवस बुडायच्या आत ज्याचं जनावर त्याच्या दारी पोचवायचा. त्याच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली होती, म्हणून यमाने तोंड वाकडं करावं या हिशेबाने आईने याचं नाव कडू ठेवलं. यमाने खरंच त्याला सोडलं. बाकी आयुष्याने त्याच्यासाठी फारसं काही केलं नाही. शेत नव्हतं. घर म्हणावं तर भावाची ओसरी. सहा जणांच्या संसारात त्याच्या वाट्याला तेवढी एक बाज टाकायची जागा आली होती.

त्याला एकाच गोष्टीची घमेंड होती. पांढरीच्या प्रत्येक उताराचं, प्रत्येक खळग्याचं नाव त्याला पाठ होतं. हे बोरीचं लवण, ही तितरखोरी, ही मोतीरामची घसरण, जिथे कोणी मोतीराम कधीकाळी गाढवासकट घसरला होता. ज्यांना नावं नव्हती त्यांना यानेच दिली होती. फक्त तिसऱ्या टेकडीच्या माथ्यावर बोरीच्या काट्याचं एक कुंपण होतं, एका खोपटापुरतं, आणि त्या जागेला त्याने नाव दिलं नव्हतं. काटी सडली की तो नवी लावायचा. जनावर तिकडे वळलं तर काठी हाणायचा. गावाला वाटायचं, भाकर खायला जागा ठेवली असेल बिचाऱ्याने.

नव्या मोजणीचं साल आलं. कारकून पुण्याकडचा होता, चष्मा लावणारा, आणि गावच्या जागांची नावं उतरवून घ्यायचं काम त्याच्याकडे होतं. तो उमरदरीत आला त्या दिवशी रामराव पाटील सोयरिकीसाठी वरवट बकालला गेलेले आणि पटवाऱ्याला हिवताप भरलेला. कोणीतरी म्हणालं, नावंच पाहिजेत तर कडूबाले इचारा. जन्मात पहिल्यांदाच कोणी सरकारी माणसाने कडूबाला काही विचारलं. तो पागोटं नीट बांधून चावडीपुढच्या लिंबाखाली बसला आणि धडाधड नावं सांगू लागला.

"पूर्वेच्या बाजूला काय आहे?" कारकुनाने विचारलं.

"पांढरी."

"पांढरी? कोणाची?"

"कोणाची म्हंजे? गावाची."

कारकुनाची मान वर आली. काळी-पांढरीबद्दल त्याने पुस्तकात वाचलं होतं आणि वाचलेलं समोर उभं राहिल्याचा आनंद त्याच्या तोंडावर दिसत होता. "गावाची पांढरी. बरं. जुनी आहे?"

"लय जुनी. माह्या आज्याच्याही पयलेची."

"आता तिथे कोणी राहतं?"

"नाही जी."

"पण पूर्वी राहत होते?"

इथे कडूबा थांबला. इतक्या वेळात पहिल्यांदाच थांबला. लिंबाच्या खोडाकडे पाहत त्याने हळूच सांगितलं, "हाव. राह्यले होते."

कारकुनाने लिहिलं: ओसाड गावठाण. जागा पाहायला तो गेला नाही. ऊन फार होतं.

कडूबा खोटं बोलला नव्हता. मानमोडीच्या तापाचं साल आठवा. घरटी माणूस मरत होतं. लोकांनी गाव सोडलं आणि जो तो आपापल्या वावरात खोपट घालून राहिला. कडूबाला वावर नव्हतं, म्हणून तो बायकोला घेऊन पांढरीवर गेला. बायकोचं नाव रुख्मिणी. लग्नाला सहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही, आणि भावाच्या घरात जावेच्या हाताखाली तिचा जन्म चाललेला. तिसऱ्या टेकडीवर त्याने तुराट्यांचं खोपट उभं केलं आणि चुलीसाठी जवळचेच तीन पांढरे दगड आणून मांडले. रुख्मिणीने ते उचलून फेकून दिले.

"पांढरा गोटा चुलीले चालत नाही. तापला का फुटते, अन् त्याचा चुना होते. नाल्यातले काळे आणा."

"चार दिसाचा तं संसार हाये. कायले पाह्यजे चूल?"

"चार दिसाचा असो का चाळीस. चूल नाही त्याले घर म्हनत नाहीत."

नाला टेकडीच्या पायथ्याशी. कडूबाने कुरकुर करत तीन खेपा घातल्या आणि तीन काळे दगड खांद्यावरून वर आणले. तिने ते मातीने लिंपले, भुई सारवली, आणि संध्याकाळी पहिली भाकर टाकली. अकरा दिवस ती दोघं तिथे राहिली. सहा वर्षांत पहिल्यांदा ती मोठ्याने हसलेली त्याने ऐकली. दोघंही कोणाला न विचारता झोपत होती आणि कोणाला न विचारता उठत होती. खाली गावात रोज मढी निघत होती आणि वर कडूबा सुखात होता, आणि त्या सुखाची त्याला पुढे कित्येक वर्षं शरम वाटत राहिली. बाराव्या दिवशी रुख्मिणीला ताप भरला. चौदाव्या दिवशी ती गेली. जाळायला लाकूड नव्हतं. पायथ्याला शालूबाई माळणीचा भाजीचा मळा होता, त्या बाईने हात लावला आणि दोघांनी मिळून रुख्मिणीला नाल्याच्या काठाला पुरलं. कडूबाने खोपट मोडलं, चूल मोडली नाही. तिच्याभोवती काटी लावली आणि तो भावाच्या ओसरीवर परत आला. तर कारकुनाच्या प्रश्नाला त्याने दुसरं काय उत्तर द्यावं?

पण कागदाला असलं काही कळत नाही. पोळ्याच्या सुमाराला कोतवालाने दवंडी दिली. पूर्वेची जागा ओसाड गावठाण म्हणून लागली आहे, तिथे गुरं चारायला बंदी, सापडलेलं जनावर कोंडवाड्यात जाईल, आणि ज्याला पांढरीची माती न्यायची त्याने परवानगी काढावी. किसनराव मोठे खातेदार, त्यांनी लगेच परवानगी काढली. त्यांच्या गाड्या पहिल्या टेकडीला भिडल्या आणि गवत सोलून चुनखडी भरून नेऊ लागल्या. ती माती खताच्या काही कामाची नाही, हे किसनरावांच्या सालदारालाही दिसत होतं. पण सरकारने परवानगी दिली म्हणजे मातीत काहीतरी असणारच, असं किसनरावांचं म्हणणं.

गुरं बांधाबांधाने फिरू लागली. म्हशी आटल्या, बैलांच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. आणि सगळ्या गावाचं बोट कडूबाकडे. बायका दारात दूध काढताना त्याला ऐकू जाईल अशा बेताने बोलत. भावजयीने तर त्याच्या भाकरीवर कालवण वाढायचंच सोडलं. पुढच्या वर्षी गायकी दुसरा ठेवावा, अशी गोष्ट चावडीवर निघाली. कडूबाला भीती गुरं हातची जाण्याची नव्हती असं नाही, पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. किसनरावांच्या गाड्या पहिल्या टेकडीवरून दुसऱ्या टेकडीकडे सरकत होत्या.

रामराव पाटलांनी अर्ज केला. दिवाळीनंतर उत्तर आलं, की नायब तहसीलदार सोमवारी जागा पाहायला येतील. पाटलांनी कडूबाला बोलावलं.

"साहेब उकरून पाह्यतीन," पाटील म्हणाले. "जुनं गाव असलं म्हंजे काही ना काही सापडतेच. खापर, राख, जात्याचा टुकडा, चुलीचा गोटा. आपल्या पांढरीवर काही नाही, मंग कायचं गावठाण? काही नाही सापडलं का सोमवारीच मोकळे होतो आपण. अन् सापडलं एखादं खापर, तं मंग देवही काही करू शकत नाही. तूच सांगून बसला ना कारकुनाले, राह्यले होते म्हून."

कडूबा उंबऱ्याशी उभा होता. "पाटील, अन् एखादंच घर असंल तं? एकच?"

"एक काय अन् शंभर काय? कागदात होते अन् नव्हते, एवढंच बसते. काऊन? तुले काही मालूम हाये काय?"

"नाही जी. असंच इचारलं."

रविवारी सकाळी त्याने गुरं नाल्याकाठच्या पडीक जमिनीत सोडली आणि एकटा तिसरी टेकडी चढला. काटी उपसून खळग्यात टाकली. चूल जशीच्या तशी होती. पांढऱ्या माळावर ते तीन काळे दगड कोसावरून आंधळ्यालाही दिसले असते. शेजारी घागरीचा गळा मातीत अर्धा रुतून बसला होता, तो त्याने ठेचून बारीक केला आणि धोतराच्या सोग्यात भरला. मग उपरण्याची चुंबळ करून पहिला दगड खांद्यावर घेतला. नऊ वर्षांपूर्वी वर आणताना तो एवढा जड लागला नव्हता.

दुसरी खेप उतरताना शालूबाई मळ्यातून बाहेर आली. आता ती पार थकली होती, कमरेत वाकली होती.

"काय करून राह्यला रे कडूबा?"

"गोटे आणून राह्यलो नाल्यात."

तिने दगडाची काळवंडलेली बाजू पाहिली. "हे तं तिचे होय ना?"

"हाव."

"मंग काऊन?"

त्याने सांगितलं. शालूबाई कमरेवर हात ठेवून ऐकत होती. "मी सांगतो साहेबाले," ती म्हणाली. "दोघंच होते म्हनतो. तापाच्या सालचं हाये म्हनतो. मी पाह्यलं ना माह्या डोयानं."

"दोघं राह्यले तरी राह्यलेच होते ना, बाई."

ती बांधावर बसून राहिली.

तिसऱ्या दगडाच्या आतल्या बाजूला लिंपणाचा एक पापुद्रा अजून चिकटलेला होता, विस्तवाने भाजून विटेसारखा झालेला. त्यावर चार बोटं उठली होती. कडूबाने दगड पाण्यात ठेवला आणि लिंपण भिजून सुटायची वाट पाहिली. भाजलेली माती भिजत नाही. मग त्याने नाल्यातला एक टोकदार गोटा घेतला आणि ती बोटं खरवडून काढली. हे करताना तो रडत होता, आणि शालूबाईने पाहू नये म्हणून पाठ करून बसला होता. काळ्या दगडांत ते तीन दगड पडले आणि थोड्या वेळाने त्याचे त्यालाच ओळखू येईनात. वर जाऊन त्याने चुलीच्या राखेवर चुनखडीची माती पसरली, पायाने दाबली आणि दुरून तीनदा पाहून घेतलं.

सोमवारी नायब तहसीलदार भगवंतराव तट्टावर बसून आले. माणूस कामाचा होता. खाली उतरून हातात काठी घेऊन तो प्रत्येक टेकडीवर चढला, दोघा गड्यांकडून जागोजागी खणून घेतलं. सगळीकडे पांढरा दगड. मागे पाटील, किसनराव, पंधरा-वीस गावकरी आणि सगळ्यांच्या मागे कडूबा. तिसऱ्या टेकडीच्या माथ्यावर भगवंतराव थबकले.

"इथलंच गवत एवढं दाट कसं?"

नऊ वर्षं तिथे ना जनावराचं तोंड पोचलं होतं ना खूर.

"गाई बसतात जी इथं," कडूबा मागून म्हणाला. "शेणानं गवत येते."

भगवंतरावांनी काठीचं टोक मातीत खुपसलं आणि उचकटलं. पांढरी माती वर आली. राख तिच्या खाली चार बोटांवर होती. काठी पुन्हा मातीत गेली नाही, भगवंतराव तिच्यावर रेलून उभे राहिले आणि त्यांनी कागद मागवला.

"इथे लिहिलं आहे, कडूबा गायकी याने सांगितलं की पूर्वी लोक राहत होते. कडूबा कोण?"

"मीच जी."

"असं सांगितलं होतंस?"

"सांगतलं होतं."

"जागा तर तशी दिसत नाही. नीट आठवून सांग. इथे कधी कोणी राहिलं होतं?"

वारा चालला होता आणि गवत एका अंगाला झुकत होतं. कडूबाने खाली नाल्याकडे पाहिलं. शालूबाई मळ्यात उभी होती, डोळ्यांवर हात धरून वर पाहत होती.

"नाही जी," तो म्हणाला. "कोनीच नाही राह्यलं. कधीच नाही."

"मग तसं सांगितलंस का?"

"चुकलो जी. अडानी मानूस. पांढरी कशाले म्हनते ते मले समजलंच नाही."

भगवंतराव हसले. त्यांना हसताना पाहून पाटील हसले, मग किसनराव, मग सगळा माळ हसला. कागदावरचे दोन शब्द खोडले गेले आणि त्यांच्या जागी चराई असं आलं. उतरताना रामराव पाटलांनी कडूबाच्या पाठीवर थाप मारली. "जलमभर पांढरीवर राह्यला अन् तुले पांढरी मालूम नाही काय बे?" गावाला हे बोलणं फार आवडलं. पुढे कोणाला साधी गोष्ट कळली नाही, की लोक म्हणत, कडूबाची पांढरी झाली याची. कडूबाच्या तोंडावरही म्हणत. तोही हसायचा. पण जागांची नावं त्या दिवसापासून त्याने कोणाला सांगितली नाहीत, आणि कोणी विचारलीही नाहीत.

मंगळवारी गुरं पांढरीवर गेली. तीन महिने उपाशी असल्यासारखी ती गवतावर तुटून पडली, आणि होतीही उपाशीच. दुपारी पोट भरल्यावर पाटलांची भुरी गाय तिसऱ्या टेकडीवर चढली. माथ्यावरचं दाट गवत तिने हुंगलं, एक फेरी मारली आणि जिथे चूल होती बरोबर तिथे पुढचे गुडघे मोडून बसायला लागली.

कडूबाची काठी सवयीने वर गेली. काल साहेबाला काय सांगितलं ते त्याला आठवलं, आणि त्याने काठी खाली घेतली.

गाय बसली. थोड्या वेळाने दुसरी येऊन तिच्याजवळ बसली.